कूलरच्या झिणझिण्या आणि मीटरमागचा बोर्ड

सदर : घर-संसार



उन्हाळा लागला की या सदराकडे एक प्रश्न हमखास येतो. या वेळी तो रोशन गेट भागातल्या एका भगिनीने विचारला आहे. त्या लिहितात की त्यांचं घर जुनं आहे, सासऱ्यांच्या वेळचं. वरचे दोन मजले नंतर चढले आणि आता तिथे तीन भावांचे तीन संसार आहेत. कूलरच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या यायच्या. ओळखीच्या मिस्त्रीने प्लग उलटा करून लावायला सांगितलं. तसं केल्यावर कूलर चालू असताना त्रास थांबला. पण पाणी भरण्यासाठी कूलर बंद केला की झिणझिण्या पुन्हा येतात, आणि आधीपेक्षा जास्त येतात. सासूबाई म्हणतात, चप्पल घालून पाणी भरत जा. "यावर आणखी काही करायची गरज आहे का?" असा त्यांचा प्रश्न आहे.

गरज आहे, आणि ती आजच आहे. म्हणून या महिन्यात बाकीची पत्रं बाजूला ठेवून याच विषयावर लिहीत आहे. मराठवाड्यात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणूस गेल्याच्या बातम्या येतात. त्यात पाणी भरणाऱ्या बायका असतात, खेळता खेळता हात लावणारी मुलं असतात. झिणझिण्या ही त्या बातमीची पहिली ओळ असते.

आधी प्लग उलटा करण्याचं बघू. कूलरच्या मोटारीत किंवा पाण्याच्या पंपात तारेवरचं आवरण कुठेतरी खराब झालं, ओल आली, की वीज पत्र्यात उतरते. दोन पिनांचा प्लग उलटा केला की मोटारीत फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल होते. खराब झालेली जागा न्यूट्रलच्या बाजूला गेली तर झिणझिण्या कमी होतात. बिघाड मात्र तसाच राहतो. उलट आता कूलरचं बटण फेजऐवजी न्यूट्रल तोडतं. म्हणजे बटण बंद केलं, पंखा थांबला, तरी फेज मोटारीपर्यंत आलेलीच असते. परतीची वाट बंद असल्यामुळे तिचा सगळा दाब पत्र्यावर येतो. आपण समजतो कूलर बंद आहे, आणि नेमकं तेव्हाच ओल्या हातांनी पाणी भरायला जातो. आपल्या भगिनीला बंद कूलरचा त्रास जास्त होतो, त्याचं कारण हे आहे.

तेव्हा पहिली गोष्ट : तो कूलर दुरुस्त होईपर्यंत वापरू नका. प्लग भिंतीतून काढून ठेवा. चप्पल हा उपाय नाही. ओली चप्पल, ओली फरशी, दुसरा हात खिडकीच्या लोखंडी गजावर, एवढं जुळून आलं की चप्पल काही करत नाही.

पण कूलर दुरुस्त करून प्रश्न मिटत नाही. आज कूलर बिघडला, उद्या गिझर बिघडेल, परवा वॉशिंग मशीन. यंत्रं बिघडणारच. खरा प्रश्न असा की यंत्र बिघडलं तेव्हा घराने वीज तोडली का नाही? त्याचं उत्तर कूलरमध्ये सापडणार नाही. ते मीटरमागच्या बोर्डात आहे.

वीज घरात येते कशी, हे एकदा डोळ्यांसमोर आणू. गल्लीतल्या खांबावरून सर्व्हिस वायर येते. ती कटआउटमधून मीटरमध्ये जाते. इथपर्यंतचा भाग महावितरणचा. मीटरच्या सीलला आपण हात लावायचा नाही, वायरमननेही लावायचा नाही. मीटरच्या पुढे मेन स्विच, मेन स्विचपासून डीबी म्हणजे वाटप करणारी पेटी, आणि तिथून खोल्यांमध्ये गेलेल्या तारा. मीटरपुढचं हे सगळं घरमालकाचं. आपल्या शहरात २०११ ते २०१४ या काळात वीज वितरण जीटीएल या खासगी कंपनीकडे होतं, मग ते पुन्हा महावितरणकडे आलं. आता ठिकठिकाणी स्मार्ट मीटर बसत आहेत. कंपनी बदलो, मीटर बदलो, मागचा लाकडी बोर्ड अनेक घरांत तोच आहे. मीटर वीज मोजतो. माणसाला वाचवणं हे त्याचं काम नाही.

शहागंज, जुना बाजार, किराडपुरा, कटकट गेट, नवाबपुरा, कुठल्याही जुन्या घरात जाऊन पाहा. एक काळा लोखंडी मेन स्विच, त्याच्याशेजारी चिनी मातीचे दोन-तीन किटकॅट फ्यूज, आणि त्यात फ्यूज वायरच्या जागी पिळून बसवलेली जाड तांब्याची तार. फ्यूज वारंवार उडतो म्हणून कुणीतरी कधीतरी ती बसवलेली असते. त्या दिवसापासून तो फ्यूज नावापुरता उरतो. तारा तापतील, आवरण वितळेल, पण तो उडणार नाही.

ज्यांनी घर नवीन केलं त्यांच्याकडे किटकॅटच्या जागी एमसीबी असतात, आणि त्यांना वाटतं की आता काळजी नाही. इथे एक गोष्ट नीट समजून घेऊ. हा लेख तेवढ्याचसाठी आहे. एमसीबी तारेला वाचवते. माणसाला ती वाचवू शकत नाही.

हिशेब सोपा आहे. आपल्याकडे घरात २३० व्होल्टचा दाब असतो. अंग ओलं असेल तर शरीराचा विरोध साधारण १,००० ओहमपर्यंत उतरतो. म्हणजे अंगातून ०.२३ अँपिअर, अर्थात २३० मिलिअँपिअर वीज जाते. १० मिलिअँपिअरच्या आसपास हात आखडतो आणि पकडलेली वस्तू सोडता येत नाही. ३० मिलिअँपिअरच्या पुढे जिवाला धोका सुरू होतो. ती आणखी वाढली तर हृदयाची लय बिघडते. आणि आपल्या कूलरच्या लाइनवरची एमसीबी असते १६ अँपिअरची, म्हणजे १६,००० मिलिअँपिअरची. तिच्या दृष्टीने २३० मिलिअँपिअर म्हणजे एखादा छोटा दिवा लागला. माणूस चिकटून बसला तरी ती उडणार नाही. हा तिचा दोष म्हणता येणार नाही, तिला त्या कामासाठी बनवलेलंच नाही.

माणसाला वाचवणाऱ्या गोष्टी दोन : अर्थिंग आणि आरसीसीबी. आपल्या शहरात या दोन्ही लागतात. का, ते जमिनीत दडलेलं आहे.

मलिक अंबरने १६१० साली जिथे शहर वसवलं त्या गावाचं नाव खडकी. खडकाळ जमिनीवरून ते पडलं असं सांगतात. दौलताबादचा डोंगर, वेरूळची लेणी, विद्यापीठामागची लेणी, सगळी याच काळ्या बेसॉल्टची. वर थोडी माती किंवा मुरूम, खाली कातळ. या कातळाने लेणी शतकानुशतकं सांभाळली, पण अर्थिंगला तो साथ देत नाही. अर्थिंग म्हणजे यंत्राच्या पत्र्यात उतरलेल्या विजेला जमिनीत जाण्यासाठी दिलेली मोकळी वाट. जमीन ओली आणि मातीची असेल तर वाट मोकळी राहते. कातळ आणि कोरडा मुरूम वाट अडवतात. आणि जमीन सगळ्यात कोरडी कधी असते? एप्रिल-मेमध्ये, म्हणजे ज्या महिन्यांत घरोघरी कूलर चालू असतात तेव्हाच.

याचा परिणाम आकड्यांत पाहा. अर्थिंगचा विरोध ५ ओहमच्या आत असेल तर बिघाड होताच जमिनीत जाणारी वीज ४० अँपिअरच्या घरात जाते आणि १६ अँपिअरची एमसीबी उडण्याची आशा असते. तोच विरोध उन्हाळ्यात ५० ओहम झाला, तर वीज जाते फक्त ४.६ अँपिअर. एमसीबी शांत बसते. कूलर चालत राहतो, पत्रा जिवंत राहतो. घरात अर्थिंग आहे, एमसीबी आहे, आणि तरीही शॉक बसतो. अशा वेळी लोक म्हणतात, अर्थिंग केलं होतं, तरी असं कसं झालं? ते असं होतं.

इथे आरसीसीबीची गरज पडते. बाजारात अजून पुष्कळ जण तिला ईएलसीबी म्हणतात. तिचं काम हिशेबनिसाचं आहे. फेजमधून जितकी वीज घरात गेली तितकीच न्यूट्रलमधून परत आली का, एवढंच ती सतत पाहते. परत येणारी वीज कमी भरली, याचा अर्थ मधे कुठेतरी ती गळते आहे, पत्र्यातून किंवा माणसातून. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी एवढ्याशा फरकावर पापणी लवायच्या आत वीज तोडते. वरच्या उदाहरणातल्या ४.६ अँपिअरला ती क्षणात उडेल. अर्थिंग त्याहून खराब असलं तरी उडेल.

मग अर्थिंग कशाला, असं कुणी विचारेल. अर्थिंग नसेल तर पत्र्यात उतरलेली वीज तिथेच थांबते. ती गळायला लागते कुणीतरी हात लावल्यावर. आरसीसीबी तेव्हाही तोडेल, पण धक्का बसून मग. अर्थिंग असेल तर बिघाड झाल्या क्षणी, कुणाचा हात लागण्याआधीच लाइन बंद होते. आईने मुलाला हात लावण्याआधी कूलरचा बिघाड कळणं, यासाठी दोन्ही हवेत.

अर्थिंगच्या नावाखाली दोन गोष्टी चालतात, त्या थांबवायला हव्यात. एक, नळाच्या पाइपला तार बांधणं. पूर्वी पाइप लोखंडी होते, जमिनीत दूरवर जात होते. आता मधे कुठेतरी प्लास्टिकचा पाइप आलेलाच असतो, म्हणजे ती वाट तुटलेली आहे. उलट बिघाडाच्या वेळी मोरीतला नळच जिवंत होऊ शकतो, वुजू करताना त्याला हात लागतो. दुसरी गोष्ट याहून घातक : सॉकेटच्या मागे अर्थची पिन न्यूट्रलला जोडून देणं. वरवर सगळं ठीक चालतं. पण न्यूट्रलची तार कुठे सैल झाली की पूर्ण २३० व्होल्ट फ्रीज, कूलर, वॉशिंग मशीन सगळ्यांच्या पत्र्यावर येतात. कुणी असं करून ठेवलं असेल तर ते आधी काढा.

खरं अर्थिंग म्हणजे जमिनीत उभा गाडलेला किमान अडीच मीटरचा जीआय पाइप, भोवती कोळसा आणि मीठ किंवा तयार मिळणारी पावडर, वर पाणी घालायला तोंड. कातळ लागला म्हणून अर्ध्यावर पाइप कापायचा नाही. दुसरी जागा शोधायची किंवा दोन-तीन खड्डे करून ते एकमेकांना जोडायचे. उन्हाळ्यात त्या तोंडात नियमित पाणी घालायचं. तिथून हिरवी तार डीबीत आणि डीबीतून प्रत्येक सॉकेटच्या तिसऱ्या पिनपर्यंत गेली पाहिजे. काम झाल्यावर अर्थ टेस्टरने मोजून आकडा सांगायला लावा. "झालं, दिवा लागला" ही मोजणी नव्हे.

आता एकत्र घराचा प्रश्न. वडिलांच्या वेळी घरात चार दिवे, दोन पंखे आणि एक रेडिओ होता. आज त्याच मेन स्विचवर २,००० वॉटचा गिझर, १,५०० वॉटचा एसी, १,००० वॉटची इस्त्री, पाण्याची अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटार, दोन फ्रीज, तीन कूलर आणि दहा पंखे आहेत. हे सगळं बेरजेत सहा हजार वॉटच्या पुढे जातं, म्हणजे २५ अँपिअरहून अधिक. तार मात्र चार दिव्यांचीच. वीजबिलावर मंजूर भार छापलेला असतो. तो पाहा आणि घरातल्या वस्तूंशी ताडून पाहा. फरक मोठा असेल तर महावितरणकडे अर्ज करून भार वाढवून घ्या. वाटणी झाली असेल तर वेगळ्या मीटरसाठी अर्ज करा.

मजले चढत जातात तसं वायरिंगही वाढत जातं. वरच्या मजल्याला खालून फेज दिली, न्यूट्रल दुसऱ्याच खोलीतून घेतली, इन्व्हर्टर बसवताना आणखी कुठून जोडली, असं होतं. अशा घरात आरसीसीबी बसवली की ती सारखी उडते, कारण गेलेली वीज दुसऱ्याच वाटेने परत येते आणि हिशेब जुळत नाही. मग कुणीतरी म्हणतं, ही आपल्या घराला चालत नाही, काढून टाकू. कृपया काढू नका. ती सांगते आहे की न्यूट्रल एकमेकांत मिसळल्या आहेत किंवा जुनी तार गळते आहे. यावर उपाय एकच : प्रत्येक मजल्याला स्वतःची डीबी, स्वतःची आरसीसीबी, आणि मेनपासून स्वतंत्र फेज व न्यूट्रल. इन्व्हर्टरची न्यूट्रलही वेगळी. तिघा भावांनी एकदा बसून खर्च वाटून घ्यावा. दोन तारांच्या ३० मिलिअँपिअर आरसीसीबीची किंमत कंपनीनुसार साधारण दीड ते तीन हजार रुपये पडते. एका लग्नातल्या रोषणाईचा खर्च आठवून पाहिला तर ही रक्कम मोठी वाटणार नाही.

काम करून घेताना या गोष्टी विचारा :

पहिलं, वायरमनकडे परवाना आहे का, आणि काम परवानाधारक विद्युत ठेकेदारामार्फत होतं आहे का. आयटीआयमधून तारतंत्री किंवा वीजतंत्री झालेली आपली कितीतरी मुलं शहरात आहेत. त्यांना काम द्या आणि पूर्ण मजुरी द्या. मजुरीत घासाघीस केली की कात्री मालावर चालते.

दुसरं, तारेची जाडी. दिवे-पंख्यांना १.५ चौरस मिलिमीटर, कूलर-मिक्सरच्या साध्या सॉकेटला २.५, गिझर आणि एसीला ४, मेनला भारानुसार ६ किंवा १०. तार तांब्याची, आयएसआय खुणेची.

तिसरं, एमसीबी तारेच्या क्षमतेपेक्षा मोठी नसावी. एमसीबी उडते म्हणून १६ ची काढून ३२ ची लावणं म्हणजे किटकॅटमध्ये जाड तार पिळण्याचाच नवा प्रकार.

चौथं, आरसीसीबी ओव्हरलोड ओळखत नाही. तिच्यासोबत एमसीबी लागतेच. नाहीतर दोन्ही कामं करणारी आरसीबीओ घ्यावी.

पाचवं, डीबीवर प्रत्येक बटणाखाली नाव लिहून घ्या : "मोरी", "वरची खोली", "मोटार". अडचणीच्या वेळी घरातल्या लहान मुलालाही कुठलं बंद करायचं ते कळलं पाहिजे. डीबीसमोर कपाट, गाद्या, धान्याची पोती ठेवू नका.

आरसीसीबीवर 'टी' अक्षराचं एक छोटं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबा. घराची वीज गेली पाहिजे. नाही गेली तर यंत्र बिघडलं आहे, ताबडतोब बदला. विसरू नये म्हणून दर महिन्याचं चांद दिसलं की बटण दाबायचं, अशी सवय लावता येईल.

आणखी एक खूण लक्षात ठेवा. घरातले काही दिवे अचानक फार प्रखर आणि काही मंद झाले, तर बाहेरची न्यूट्रल तुटली असण्याची शक्यता असते. लगेच मेन बंद करा, शेजाऱ्यांनाही सांगा आणि १९१२ वर तक्रार नोंदवा. खांबावर आपल्या माणसाला चढवू नका.

कुणाला शॉक लागलेला दिसला तर त्याला हात लावू नका. आधी मेन बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने किंवा प्लास्टिकच्या खुर्चीने त्याला तारेपासून दूर करा. श्वास थांबला असेल तर छातीवर दाब देणं सुरू करा आणि १०८ ला फोन लावा.

शेवटी घरातल्या मोठ्यांना, विशेषतः घरमालकांना दोन शब्द. आपल्या उलमांनी शरीअतचे जे पाच उद्देश सांगितले आहेत त्यात जिवाचं रक्षण आहे. स्वतःला इजा होऊ नये आणि आपल्यामुळे दुसऱ्याला होऊ नये, हा फिकहचा पायाभूत नियम आहे. भाडेकरूला खोली देताना आपण चावी देतो, भाडं ठरवतो. त्या खोलीतला बोर्डही आपणच दिलेला असतो. तो जीवघेणा आहे हे माहीत असून गप्प बसणं अमानतीला धरून नाही. "अल्लाहच्या मर्जीने जे व्हायचं ते होईल" हे वाक्य बोर्ड दुरुस्त केल्यानंतर बोलावं. खबरदारी सोडून दिली तर तिला तवक्कुल म्हणत नाहीत.

पत्र पाठवणाऱ्या भगिनीला माझं सांगणं एवढंच : हे पान सासूबाईंना वाचून दाखवा, मग दोन्ही दिरांना. जुम्याच्या नमाजनंतर तिघे भाऊ घरी असतात, तेव्हा तिघांनी मीटरमागचा बोर्ड एकदा उघडून घ्यावा, परवानाधारक माणसाला दाखवावा आणि पाऊस सुरू होण्याआधी काम संपवावं. अल्लाह तुमच्या घरातल्या सगळ्यांना सलामत ठेवो.

वस्सलाम.